भरपाई म्हणजे कमाई नव्हे

सोनावणे बाईंच्या ऑफिसात टेबलासमोर खुर्ची एकच होती. दुसरी ठेवायला जागा नव्हती असं नाही, भिंतीशी चांगला मोकळा पट्टा होता. पण बाईंनी तिथे कधी साधं स्टूलसुद्धा टाकलं नाही. अपघातात गेलेल्या माणसाची बायको यायची, तिच्या मागून दीर, जाऊ, मेहुणा, गावातला एखादा पुढारी अशी सगळी वरात यायची. दीर पुढे होऊन खुर्ची ओढायला लागला की बाई चष्म्याच्या वरून बघायच्या.

"ज्याचं गेलं तो बसेल. तुमचं काय गेलं?"

दीर गडबडायचा. "भाऊ गेला ना, मॅडम."

"मग भावाच्या बायकोला बसू द्या. तुम्हाला उभं राहायला भरपूर जागा आहे."

मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मनात म्हटलं, काय बाई आहे ही! आधीच दुःखात असलेल्या लोकांना असं फाडकन बोलते. पण मग खुर्चीत बसलेल्या त्या विधवेकडे माझं लक्ष गेलं. ती पदर सावरून ताठ बसलेली. घरी तिला कुणी विचारलं नसेल, इथे मात्र बोलणं तिच्याशीच चाललं होतं आणि बाकीचे सगळे मुकाट उभे होते.

मी तेव्हा ठाण्याच्या आमच्या शाखेत नुकतीच बदलून आलेले. राहायला डोंबिवलीला, नोकरी ठाण्यात. आमची शाखा कोर्टापासून हाकेच्या अंतरावर. गाडीखाली माणूस गेला, क्लेमचा निकाल लागला किंवा तडजोड झाली, की कोर्टाच्या हुकमाने पैसे मुदत ठेवीत ठेवायचे, आणि ते बहुतेक वेळा आमच्याकडे यायचे. पैसे आले की पाठोपाठ अ‍ॅडव्होकेट शशिकला सोनावणे यायच्या. दरवाजातूनच त्यांचा आवाज ऐकू यायचा. "अहो बँक, आहात का जागेवर?"

मला त्यांनी उभ्या आयुष्यात कधी नावाने हाक मारली नाही. बहुतेकांना त्या धंद्यावरून ओळखायच्या. झेरॉक्सवाला तो "ए झेरॉक्स", शिंपी तो "मास्टर", कोर्टातला टायपिस्ट तो "खडखडे". अंगाने त्या ठेंगण्या, काउंटरच्या पलीकडे उभ्या राहिल्या की फक्त चष्मा आणि केसांचा घट्ट अंबाडा दिसायचा. आवाज मात्र असा की मॅनेजर केबिनमधून डोकावायचे. काळा कोट प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेला असायचा. कोर्टाच्या पायरीवर घालायच्या आणि पायरी उतरल्या की काढायच्या. "कोट कोर्टाचा आहे," म्हणायच्या, "घाम माझा आहे."

आमच्या शाखेत गोविंद नावाचा शिपाई होता, तोंडाने जरा सैल. एकदा एक तरुण बाई ठेवीच्या पावतीसाठी उभी होती, कडेवर पोर. रक्कम बऱ्यापैकी होती. गोविंद चहा देता देता सहज बोलून गेला, "चला, ताईंना लॉटरी लागली म्हणायची."

सोनावणे बाई पावती वाचत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, "गोविंदा, लॉटरीचं तिकीट केवढ्याला मिळतं रे?"

"एक रुपयाला, मॅडम. मोठ्या बंपरचं जास्त."

"हिनं या तिकिटाला काय दिलं माहीत आहे? नवरा दिला. घेणार का तू तसलं तिकीट? बायकोला विचारून ये घरी."

बाईंनी पावती त्या मुलीच्या हातात दिली, तिच्याकडून सही करून घेतली, आणि जाताना गोविंदच्या ट्रेमधला एक कप उचलून उभ्याउभ्या प्यायल्या. "चहा बरा करतोस," म्हणाल्या. "नुसता चहाच देत जा." त्यानंतर गोविंद त्यांच्यासाठी आलं घालून वेगळा चहा ठेवायला लागला. माझ्यासाठी कधी ठेवला नाही मेल्याने.

"भरपाई म्हणजे कमाई नव्हे." दिवसातून एकदा तरी हे वाक्य त्यांच्या तोंडून निघायचं. अशिलाला, वकिलाला, बँकेला, रिक्षावाल्याला, ज्याला ऐकायचं आहे त्याला आणि ज्याला नाही त्यालाही. दुसरं वाक्य खास अशिलांसाठी होतं. "रडा, पण सही नीट करा." यात त्यांना काही कठोर वाटत नसे, आणि गंमत म्हणजे रडणारीलाही वाटत नसे. ती नाक पुसायची आणि सही नीट करायची.

त्यांचे वडील कल्याणच्या पुढे एका केमिकलच्या कारखान्यात होते. बाई शाळेत असताना तिथे भट्टीवर अपघात झाला आणि ते गेले. ही गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली, तीही वडापाव खाता खाता, अगदी हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तशी. कंपनीने पैसे दिले. आईला सही येत नव्हती, म्हणून व्यवहार काकांनी पाहिला. काकांनी मोटरसायकल घेतली.

"रंग लाल होता," बाई म्हणाल्या. "आम्हाला एकदा बसवून फिरवून आणलं त्यांनी. आई घरी होती."

माझा वडापाव हातातच राहिला. त्यांनी स्वतःचा संपवला, हात पुसले आणि म्हणाल्या, "चला, तारीख आहे." पुढे त्यांनी आईला वर्तकनगरच्या वसाहतीतल्या दोन खोल्यांत शेवटपर्यंत स्वतःजवळ ठेवलं. लग्न केलं नाही. घरी बुद्धाची लहान पितळी मूर्ती होती, तिच्यासमोर सकाळी दोन मिनिटं उभ्या राहायच्या. तेवढ्यातही आईशी भांडण चालूच असायचं.

बाईंना शब्दांचं भयंकर वेड. साहित्याचं नव्हे हं, कादंबरी त्यांनी कधी हातात धरली नसेल. कागदावर कुठला शब्द पडला याचं वेड. वर्तकनगरमध्ये त्यांच्या शेजारी परब राहायचे. त्यांचा कारखाना बंद पडला, त्या काळी ठाण्यात एकेक बंदच पडत होते. युनियनची आणि मालकांची तडजोड झाली, प्रत्येकाला काही रक्कम ठरली. परब पेपर घेऊन बाईंकडे आले ते सल्ल्याला नव्हे, नुसते दाखवायला. शेजारधर्म! बाईंनी पहिलीच ओळ वाचली आणि ओरडल्या, "सानुग्रह रक्कम? कुणाचा अनुग्रह?"

परब घाबरले. त्यांना वाटलं, आपलंच काही चुकलं.

दुसऱ्या दिवशी बाई त्यांना घेऊन थेट कारखान्याच्या मॅनेजरसमोर. त्या दिवशी मी रजेवर होते आणि बाईंबरोबर कापड घ्यायला निघालेले, म्हणून मीही ओढली गेले.

"साहेब," बाई म्हणाल्या, "तुम्ही यांना माळ घातलीत का?"

"कसली माळ?"

"अनुग्रह दिलाय म्हणता ना. अनुग्रह गुरू देतो, माळ घालतो, कानात मंत्र सांगतो. तुम्ही तर यांना गेटच्या बाहेर काढलंत."

मॅनेजर बिचारा सज्जन होता. म्हणाला, "मॅडम, नावात काय आहे? पैसे तेवढेच मिळणार ना?"

"तेवढे नाही मिळणार. नोकरी गेल्याची भरपाई म्हणून द्याल तर ठरलेल्या मर्यादेपर्यंत इन्कम टॅक्सवाला त्याला हात लावत नाही. खुशीने दिले असं लिहाल तर तो म्हणेल, वा, एवढी खुशी झाली, माझा वाटा काढा. तुमचे पैसे तेवढेच जाणार, पण यांच्या हातात कमी पडणार. मग खरं आहे ते लिहा की! यांची नोकरी गेली. लिहा, नोकरी गेल्याची भरपाई."

मॅनेजरने कुठेतरी फोन केला, कुणाशी तरी इंग्रजीत बोलला, आणि शब्द बदलला. एकट्या परबांचा नव्हे, सगळ्या कामगारांचा. त्या रविवारी कामगार बाईंच्या घरी पेढे घेऊन आले. "पेढे कसले? नोकरी गेली म्हणून?" असं म्हणून त्यांनी सगळ्यांना झापलं. मग एक पेढा उचलला, आईला अर्धा दिला, अर्धा स्वतः खाल्ला आणि म्हणाल्या, "पेढेवाल्याला सांगा, साखर कमी घाल." आणि हीच बाई स्वतःचं रिटर्न दर वर्षी शेवटच्या दिवशी धावतपळत भरायची, निम्मे कागद हरवलेले! मी एकदा चिडवलं तर म्हणाल्या, "न्हावी स्वतःचे केस कापतो का, बँक?"

नव्वद सालानंतर आम्हाला ठेवींच्या व्याजातून टॅक्स कापायचा हुकूम आला. मी तो पाळला. बाई आल्या आणि अशा काही कडाडल्या की विचारू नका. मी पण काही ऐकून घेणाऱ्यातली नाही. म्हटलं, "अहो, मी काय मनाने कापते? वरून हुकूम आहे." तर एकदम शांत झाल्या. "बरोबर आहे तुमचं. मग आपण खालून काय करू शकतो?" मी सांगितलं, ज्यांचं उत्पन्न टॅक्स लागण्याइतकं नाही त्यांनी तसं लिहून दिलं तर कापत नाही. त्यानंतर दर शनिवारी बाई आमच्या शाखेत एका कोपऱ्यात ठाण मांडायच्या आणि एकेका विधवेला समजावायच्या, "मुद्दल ही तुझी भरपाई, त्यावर कुणाचा हक्क नाही. व्याज ही कमाई. पण तुझी कमाई एवढीशी, म्हणून सरकारला सांगायचं, माझ्याकडे कापण्यासारखं काही नाही. कळलं? कर सही."

तर अशा या बाई. सगळ्यांना पुरून उरणाऱ्या. त्यांची दांडी गुल झालेली मी एकदाच पाहिली, ती चांगुणाबायच्या वेळी.

चांगुणाबाय बाळकुमच्या अंगाला खाडीकाठी राहणारी कोळीण. वय झालेलं, पण पाठ सरळ, नाकात मोठी नथ, नजर अशी की समोरच्याने खाली बघावं. तिचा एकुलता एक मुलगा नारायण रस्त्यावर ट्रकखाली गेला. मागे सून वनिता आणि शाळेत जाणारी नात. वनिता टोपलीत मासळी घेऊन वर्तकनगरला विकायला जायची, तिथेच बाईंशी ओळख झालेली. बाई भाव करता करता तिची केस घेऊन बसल्या. बरीच वर्षं घासाघीस झाल्यावर विमा कंपनी तडजोडीला तयार झाली. बायकोचा वाटा, मुलीचा वाटा आणि आईचा वाटा. मुलीच्या वतीने वनिताची धरून दोघींच्या सह्या झाल्या की काम फत्ते. नाही झाल्या तर केस पुन्हा कोर्टात, आणि वरचं कोर्ट म्हणजे कुणाचं आयुष्य पुरणार?

ठेवीच्या कागदांसाठी बाईंनी मला संध्याकाळी ऑफिसात बोलावलेलं. सासू-सून आल्या. आणि तिथे पहिल्यांदा बाईंचा कायदा अडला. ज्याचं गेलं तो बसेल, ठीक आहे. पण इथे एकीचा नवरा गेलेला, एकीचा मुलगा, आणि खुर्ची एक. वनिता मागे सरून म्हणाली, "आय, तू बस." म्हातारी म्हणाली, "तू बस गो, दिसभर टोपली वाहिलीस." दोघी उभ्याच. बाई उठल्या, टेबलाला वळसा घालून आल्या आणि म्हातारीला हाताला धरून स्वतःच्या वकिलीच्या खुर्चीत नेऊन बसवलं. स्वतः भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

वनिताने सही केली. चांगुणाबायने मात्र हात पदराखाली घेतला.

"मी अंगठा देनार नाय."

"का आजी? रक्कम कमी वाटते?"

"मना रकम नको. माजा पगार बंद होल."

हा पगार म्हणजे निराधार योजनेचे पैसे. सरकार एकट्या पडलेल्या म्हाताऱ्या माणसांना महिन्याला थोडेसे देतं, त्याला आमच्या बाजूला गावोगावी पगार म्हणतात. मनिऑर्डर यायची, पोस्टमन घरी आणून द्यायचा. जन्मभर नवऱ्याची जाळी विणली, मासे सुकवले, विकले, पण चांगुणाबायच्या स्वतःच्या नावाने घरात आलेला हा पहिला पैसा. आणि कुणीतरी तिच्या कानात भरवलेलं, की भरपाई घेतलीस तर पगार बंद, वर इन्कम टॅक्सवाले घराला टाळं ठोकतील.

बाई तिच्यासमोर उकिडव्या बसल्या. मी त्यांना कुणासमोर असं बसलेलं कधी पाहिलेलं नाही. "आजी, नीट ऐका. माणूस गेल्याच्या भरपाईवर टॅक्स नाही. एक पैसा नाही. ठेवीवर व्याज येईल, ते उत्पन्न. तुमचं व्याज इतकं थोडं येईल की टॅक्स लागणार नाही आणि निराधारच्या मर्यादेतही बसेल. मी हिशेब करूनच वाटा ठरवलाय. पगार बंद होणार नाही."

"झाला तं?"

"झाला तर मी जाईन तहसील कचेरीत. माझा शब्द आहे."

म्हातारीने बाईंच्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं. मग अंगठा पुढे केला.

आणि दिवाळी झाली तसा पगार बंद झाला!

पोस्टमन आला नाही. पुढच्या महिन्यातही आला नाही. चौकशीला गेलेल्या वनिताला कचेरीत एवढंच सांगितलं, "उत्पन्न दिसतंय, नाव कमी केलंय." चांगुणाबाय सरळ बाईंच्या ऑफिसात आली. मी व्याजाच्या दाखल्यासाठी तिथेच होते. ती बसली नाही. उंबऱ्यातच उभी राहून म्हणाली, "वकीलबाय, तुजा शबूद खोटा. तुजी भरपाई परत घे. माजा पगार मना आनून दे."

ती गेल्यावर गोविंदने माझ्याबरोबर मुद्दाम पाठवलेला आल्याचा चहा बाईंसमोर निवून गेला. "बँक," त्या म्हणाल्या, "माझा हिशेब चुकला नव्हता हो. व्याज मर्यादेतच आहे ना?" मी म्हटलं, आहे, मीच दाखला केलाय. "मग त्यांनी मुद्दल धरली असणार उत्पन्नात. भरपाईला कमाई म्हटलं त्यांनी." आणि मग त्यांचा तो आवाज परत आला. "बघतेच आता!"

आठवडाभर त्या झपाटल्यासारख्या निकालांची पुस्तकं चाळत होत्या. कचेरीत जायच्या दिवशी मलाही रजा टाकायला लावली, दाखला खरा आहे असं सांगायला बँकेचं माणूस हवं म्हणून. आम्ही चौघी गेलो. नायब तहसीलदार मध्यमवयीन, थकलेले, समोर फायलींचा ढीग. बाई उभ्या राहिल्या आणि सुरू झाल्या. आजवर कोर्टात काय बोलल्या असतील नसतील, पण असं बोलताना मी त्यांना ऐकलं नव्हतं.

"साहेब, रस्त्यात खड्डा पडला आणि तो बुजवला, तर इथे टेकडी उभी राहिली असं आपण म्हणतो का? या बाईच्या आयुष्यात खड्डा पडला. भरपाईने तो थोडासा बुजवला. जमीन होती तेवढीसुद्धा झाली नाही. तुम्ही त्याला उत्पन्न म्हणता? मुद्दल वेगळी, व्याज वेगळं. व्याज किती ते या सांगतील. बोला हो, बँक." मी बोलले. मग बाई निकालांवर आल्या, मग कायद्याच्या हेतूवर, मग पुन्हा खड्ड्यावर. साहेब एकदाही मध्ये बोलले नाहीत. पंखा फिरत होता, दारात कारकून जमलेले.

बाई थांबल्या तेव्हा साहेबांनी चष्मा काढून पुसला. "मॅडम, फार छान बोललात. खड्डा एकदम मान्य. भरपाई आम्ही उत्पन्नात धरलेलीच नाही."

"धरलेली नाही?"

"नाही. व्याजाचंही काही नाही. पण मॅडम, पगाराचं काय?"

"कसल्या पगाराचं?"

साहेबांनी फाइल उघडली. "दिवाळीच्या आधी आमचा माणूस चौकशीला गेला होता. नवीन आहे, बाहेरच्या जिल्ह्यातला, पहिलीच नेमणूक. त्याने घरी विचारलं, कुणाला पगार आहे का? तर आजींनी स्वतः सांगितलं, मला आहे, दर महिन्याला नियमित येतो. आता पगारदार बाईला निराधार कसं म्हणायचं? बरं आजी, कुठे आहात कामाला?"

चांगुणाबायने त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू हा माणूस ठार वेडा आहे.

"कामाला? ह्या, तुमच्याकडंच! तुमीच तं देताव पगार!"

आधी दारातला एक कारकून फिसकला. मग साहेब हसायला लागले ते टेबलाला धरून. वनिताने पदर तोंडात कोंबला. तो नवीन पोरगा मागे उभा होता, तो लालेलाल झाला आणि म्हणाला, "आमच्या गावाकडे निराधारच्या पैशांना पगार म्हणत नाहीत हो, डोल म्हणतात!" आणि आमच्या सोनावणे बाई! जन्मभर एकेका शब्दासाठी लोकांच्या मानगुटीवर बसलेली बाई, आणि तिचा सगळा दारूगोळा ज्या शब्दापुढे फुकट गेला तो रोज तिच्या कानावर पडणारा. आधी त्यांचं तोंड उघडंच राहिलं. मग त्या मटकन खाली बसल्या आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "पगार आहे म्हणून पगार बंद! बँक, ऐकलंत का हो? पगार आहे म्हणून पगार बंद!"

मलाही इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! इतक्या दिवसांची छातीवरची धोंड उतरली.

चांगुणाबाय तेवढी हसली नाही. साहेबांनी फाइलवर शेरा मारायला पेन उचललं आणि मायेनेच विचारलं, "आजी, तुमच्या नावावर आता ठेव आहे. हा पगार म्हणजे चहापाण्याचे पैसे. त्याच्यासाठी एवढा जीव का टाकता?"

"साहेब," ती म्हणाली, "ती ठेव माज्या नारायनाचा जीव हाय. मी आय हाय त्याची. पोराचा जीव मी भातात कालवून खाऊ? पगार हाय तवर मी त्याला हात लावनार नाय. नातीसाठी ठेवलाय. तुमी पगार बंद केलाव, तं मना तोच खावा लागल ना."

हसणं जागच्या जागी थांबलं. साहेबांनी खाली मान घालून शेरा लिहिला, सही केली, राहिलेल्या महिन्यांचे पैसेही काढायला सांगितलं. उठून उभे राहिले आणि म्हाताऱ्या बाईला हात जोडले. भरपाई म्हणजे कमाई नव्हे हे सोनावणे बाई आम्हाला किती वर्षं सांगत होत्या. आज दुसऱ्या कुणीतरी ते त्यांना सांगितलं, आणि ते ऐकून त्या चक्क गप्प झाल्या. मला त्या क्षणी त्यांना मिठी मारावीशी वाटली, पण त्या कचेरीत तसं कोण करतं?

मी बाईंना प्रत्यक्ष पाहिलं ते त्या दिवशी शेवटचं. त्याच महिन्यात माझी नाशिकला बदली झाली. पुढे फोनवर बोलणं व्हायचं, भांडणंही व्हायची, पण भेट म्हणून नाही झाली ती नाहीच. म्हणून कचेरीच्या बाहेरच्या त्या बाई अजून जशाच्या तशा डोळ्यांसमोर आहेत. दुपार कलायला आलेली, कोर्टात त्यांचं काम बोर्डावर होतं. त्या रिक्षाला हात करत होत्या, तेवढ्यात चांगुणाबायने मागून त्यांचं मनगट धरलं.

"कंई चाललीस?"

"कोर्टात, आजी. तारीख आहे."

"मी तुला खोटी बोल्ली. चल घरा. जेवाला चल."

"आजी, खरंच जमणार नाही. पुन्हा कधीतरी."

"कोर्ट पलून जातं का? बोंबलाचं कालवन हाय. चल."

आणि इतक्या न्यायाधीशांना तोंड दिलेल्या सोनावणे बाई मुकाट्याने रिक्षात चढल्या. एका बाजूला वनिता, एका बाजूला म्हातारी, मध्ये त्या, पिशवी मांडीवर. रिक्षा सुरू झाली आणि लगेच थांबली. बाईंनी वनिताच्या पुढून वाकून डोकं बाहेर काढलं.

"अहो बँक, जाताजाता कोर्टात निरोप द्या. म्हणावं, सोनावणे मॅडम आज येत नाहीत, पुढची तारीख द्या."

"कारण काय सांगू?"

त्यांनी एकदा म्हातारीकडे पाहिलं.

"सांगा, जेवायला गेल्यात."